पाचर बसली

ट्रकवाल्यानं ओंडके अंगणात ओतले तेव्हा घराच्या काचा थरथरल्या आणि आतून आई ओरडली, "काय कोसळलं गं?" मी म्हटलं, "काही नाही आई, तुझ्या लेकानं जळण मागवलंय."

माझा भाऊ घड्याळजी. घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडतंय हे तो नुसतं कानाला लावून सांगेल, पण एका थंडीला लाकूड किती लागतं हे विचाराल तर आनंदीआनंद. रस्ता रुंद करताना चार जुनी झाडं पाडली होती. ती कुठे टाकायची असा तिथल्या लोकांना प्रश्न पडला होता, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, आमच्याकडे टाका. चारही. फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओंडकेच ओंडके झाले. माझी सायकल त्यांच्यामागे अडकली ती अडकलीच. मी कामाला आहे त्या लाँड्रीपर्यंत पायी जायला लागले आणि जाताना त्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. हे शब्द आता मी घरात वापरत नाही.

लाकूड हवं होतं आईसाठी. ती घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण पडल्याची भीती तिच्या अंगात अशी शिरली की उठून बसायचं नाव काढलं की ती पलंगाची कड घट्ट धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. असे चार महिने गेले. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, थंडी पडायच्या आत यांना उठवून बसवा आणि खोली गरम ठेवा, नाहीतर छातीत कफ साठेल आणि मग काही खरं नाही. आईच्या खोलीत लोखंडी शेगडी होती, तिचं धुराडं साफ करून घेतलं. पलंग अंगणाकडच्या खिडकीशी सरकवला, तेवढंच तिला बाहेरचं दिसेल म्हणून.

तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता. मी कामावरून आले की चपला काढता काढता विचारायची, "आई बसली का?" भाऊ दुकानातून फोन करायचा, "बसली का गं आई?" आणि भावजय, जी दिवसभर तिच्यापाशी असायची, ती दरवेळी अपराध्यासारखं सांगायची, "नाही हो वन्सं. आज पाठीला दोन उशा घेऊन जरा कलत्या झाल्या, तेवढंच."

भावजय माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आणि आवाजानं त्याहूनही लहान. ती खोलीत आली हे कपाट उघडल्याच्या आवाजावरून कळतं. मी उलट. मी गल्लीत शिरले की घरात कळतं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे, लोकांनी सांगायची गरज नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे ऐकून घ्यायला हक्काचा माणूस नव्हता. जे होते त्यांच्यावर भागवलं. अकरा वर्षांत भावजयीनं मला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याचाच मला जास्त राग यायचा.

ओंडके कापायला मशीनवाले काका आले. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होती. ते ओंडक्यांचे हातभर लांबीचे ठोकळे पाडत जायचे आणि आम्ही बहीणभाऊ ते फोडायचो. सरळ शिरांचा ठोकळा कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगतो, त्यात काही विशेष नाही. पण ही झाडं रस्त्याकडेची, तारांखाली येतात म्हणून दरवर्षी छाटलेली. छाटलेल्या प्रत्येक जागी गाठ. गाठीत कुऱ्हाड रुतते आणि मग ती काढण्यातच दुपार जाते. तिथे पाचर लागते, घण लागतो आणि माणसं दोन लागतात.

हे काम आम्हाला बाबांनी शिकवलेलं. एकानं गुडघ्यावर बसायचं, डाव्या हातानं लोखंडी पाचर भेगेत उभी धरायची आणि उजव्या हातातल्या छोट्या हातोडीनं ठोकून रोवायची. दुसऱ्यानं समोर घण घेऊन उभं राहायचं. पाचर आपली आपण उभी राहिली की धरणाऱ्यानं हात काढायचा आणि म्हणायचं, "बसली." की वरून घण. हात आधी, शब्द मग. बाबा दुसरा शब्द चालू द्यायचे नाहीत. "हां" किंवा "हूं" म्हटलं तर कानाखाली बसायची. त्यांचं म्हणणं, "हां" तर माणूस जांभई देतानाही म्हणतो, पण "बसली" कोणी उगाच म्हणत नाही.

आता माझं एक खूळ. बारा वर्षांची असताना एक ढलपी उडून माझ्या भुवईत घुसली, डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून घण मारताना मी डोळे मिटते. "बसली" ऐकलं की डोळे बंद आणि घण खाली. नेम चुकत नाही. चाळीस वर्षांत घण पाचरीवरून कधी घसरला नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हात जोडेल आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहील. आम्हाला त्यात वेडं असं कधी काही वाटलंच नाही. उलट भाऊ येईल त्याला कौतुकानं सांगायचा, "आमची ताई माझ्यावर अक्षरशः डोळे झाकून विश्वास ठेवते."

पहिल्या दिवशी सकाळी भावजय हातमोजे घेऊन अंगणात आली. "अहो, हे घाला." मोजे घातले की पाचर निसटते, म्हणून भावानं ते खिशात कोंबले. मग ती माझ्याकडे वळली. "वन्सं, धरायला दुसरं कोणी नाही का मिळणार? ह्यांचं सगळं काम त्या बोटांवर आहे."

ती चुकीचं बोलत नव्हती. घड्याळाचं उघडं यंत्र तो डाव्या हाताच्या दोन बोटांत आणि अंगठ्यात असं धरतो की ते हलत नाही आणि दबतही नाही. आमच्या भागात तसं धरणारा दुसरा कोणी नाही. बायकांच्या मनगटावरची नखाएवढी घड्याळं सगळी त्याच्याकडे येतात. मी म्हटलं, "मग तू धर. ये, गुडघे टेक." ती आत निघून गेली आणि भाऊ हसला. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धं अंगण मोकळं झालं होतं. भिंतीला लागून फोडलेल्या लाकडाची थप्पी छातीपर्यंत आली होती. मशीन जवळच किंचाळत होतं, म्हणून मी कानांत कापूस घातला होता. भावानं नव्हता घातला. पाचर रुतत आली की ठोकण्याचा आवाज बदलतो, तो त्याला ऐकावा लागतो. तो घराकडे तोंड करून गुडघ्यावर होता, मी त्याच्यासमोर, पाठ घराकडे.

हाताखालचा ठोकळा दांडगा होता, मधोमध दोन फांद्यांची एकच गाठ. पाचर दोनदा उडून बाहेर आली. काका पेट्रोल भरायला थांबले होते, म्हणून बोलणं ऐकू येत होतं.

"ही बया काही ऐकत नाही," भाऊ म्हणाला.

"तुझ्या बायकोवर गेली असेल," मी म्हटलं.

"बायको ऐकते. ही बहिणीवर गेली आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं. त्यानं तिसऱ्यांदा पाचर लावली आणि ठोकायला लागला. मी घण खांद्यामागे नेला आणि थांबले. कापसातून हातोडीचे ठोके बारीक बारीक येत होते. मग ते थांबले.

"बसली."

मी डोळे मिटले आणि घण हाणला.

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज मला पाठ आहे. तो आला, पण भरून आला नाही. मधे काहीतरी होतं. ते दांड्यातून माझ्या तळहातांना कळलं, कानांना कळायच्या आधी. मी डोळे उघडले. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता आणि हसत होता. तोंडभर हसत होता. आणि त्याचा डावा हात पाचरीवरच होता, घणाखाली.

"ताई," तो म्हणाला, इतकं हळू की मला ते ओठांवरूनच कळलं, "घण उचल."

मला उचलता येईना. ओल्या चादरींचे गठ्ठे दिवसभर यंत्रातून उपसणारी बाई मी, माझे हात दांड्याला चिकटून राहिले आणि मनगटापासून पुढे काही माझं उरलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते जात असताना मी बघत होते. शेवटी काका मशीन टाकून धावत आले आणि त्यांनी माझ्या हातांसकट घण वर उचलला. खाली जे होतं ते मी पाहिलं. ते मी सांगणार नाही.

मी मागे वळले. स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती, एक हात खिडकीकडे केलेला, तोंड उघडं. आणि खिडकीत आई. पाठीला उशी नाही, कोणाचा आधार नाही, पलंगावर ताठ उठून बसलेली. एक हात काचेला टेकवून ती आमच्याकडे बघत होती. चार महिन्यांनी ती उठली, आणि उठून पहिली गोष्ट पाहिली ती ही.

मला वाटलं मला सगळं कळलं. घरात आनंदाची गोष्ट घडली, ही बाई सांगायला दारात धावली आणि नेमका तोच शब्द ओरडली. मी कानातला कापूस ओढून काढला. भाऊ जमिनीवर बसून हाताकडे बघत होता, काका गळ्यातल्या रुमालानं मनगट आवळत होते, आणि मी तिथून तिच्यावर बोट रोखलं.

"तू बोललीस. 'बसली' तू म्हणालीस."

तिनं तोंड मिटलं. माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला आता वाटतं.

"हो," ती म्हणाली.

काकांच्या गाडीतून दवाखान्यात गेलो. ते गाडी हाकत होते आणि मधूनमधून स्वतःशीच म्हणत होते, "मी कशाला सुरू केलं मशीन." दवाखान्यात भावाला आत नेलं आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, अकरा वर्षं या घरात तुझा आवाज निघाला नाही, निघाला तो माझ्या भावाचा हात खायला. म्हटलं, तीन दिवस तू तिथे बघतेस, तो शब्द कशासाठी असतो ते तुला माहीत नव्हतं? म्हटलं, या हातावर तू जेवत होतीस. समोरच्या बाकावरचे लोक उठून लांब गेले. तिनं फक्त एकदा विचारलं, "वन्सं, पाणी आणू का?"

सर्जन बाईंनी तीन दिवस वाट पाहायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगठ्याशेजारचं आणि मधलं अशी दोन बोटं मुळापासून काढली. नेमकी तीच दोन. मी त्या बाईंना विचारलं, दुसरी कुठली चालली नसती का. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी काय विचारलं ते मला घरी आल्यावर कळलं.

भाऊ शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "किती राहिली?"

"तीन," मी म्हटलं.

"असू दे. घड्याळातही काटे तीनच असतात." मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. भावजयीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला तो हात उचलून फेकून द्यावासा वाटला.

त्याला मधलं काही आठवत नव्हतं. पाचर ठोकत होतो, वर पाहिलं, खिडकीत आई दिसली, आणि मग एकदम गाडीची काच. एवढंच. माझ्याकडून सगळं ऐकल्यावर संध्याकाळी त्यानं बायकोला विचारलं, "तू म्हणालीस का गं 'बसली'?" ती चादरीच्या टोकाची घडी घालत होती. म्हणाली, "हो. तोंडून निघून गेलं." त्यानं उजव्या हातानं तिचं डोकं थोपटलं. "जाऊ दे. तू काय मुद्दाम म्हणालीस?"

त्यानं जाऊ दिलं. मी नाही दिलं.

तो घरी आल्यावर तीन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही. बोलले ते भिंतीशी, भांड्यांशी, तिला ऐकू जाईल असं. घणाला मी हात लावला नाही. तो जिथे पडला होता तिथेच पडून राहिला आणि गंजायला लागला. पण थंडी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती आणि आईची शेगडी सतत जळत ठेवायची होती. एका सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून मी पाहिलं तर अंगणात भावजय, भावाचा जुना कोट घालून. जे ठोकळे सरळ शिरांचे होते ते निवडून निवडून ती फोडत होती. तिला जमत नव्हतं. घाव तिरका पडायचा, लाकूड उडून तिच्याच नडगीवर यायचं. ती लंगडत जाऊन ते उचलून आणायची आणि पुन्हा उभं करायची. मी खिडकीतून बघत राहिले आणि चहा प्यायले. मदतीला गेले नाही. हे मी लिहिते आहे कारण ते मी केलं.

आई मात्र त्या दिवसापासून उठून बसायची ती बसायचीच. झोप म्हटलं तरी ऐकायची नाही. खिडकीबाहेर बघत म्हणायची, "मी उठले नसते तर?" तिला काचेतून दिसलं होतं सगळं, ऐकू काही आलं नव्हतं. भाऊ तिच्या पायाशी बसून सांगायचा, "आई, तू बसलीस हेच लाखमोलाचं आहे, बाकी सोड." मग तो शेजारच्या खोलीत जायचा. दुकानातून त्यानं एक बंद पडलेलं घड्याळ आणवलं होतं. अंगठा आणि उरलेली दोन बोटं यांत यंत्र धरायचा प्रयत्न करायचा. ते निसटायचं. ताटलीत पडल्याचा आवाज घरभर ऐकू यायचा. थोडी शांतता, की पुन्हा तोच आवाज.

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी मी थप्पीतून लाकडं आणत होते, दोन्ही हातांवर रचून, हनुवटीपर्यंत. फोन वाजला आणि भावजयीनं घेतला. व्यायामवाल्या बाई असाव्यात.

"हो, आई बसल्या ना," ती सांगत होती. "काल पाऊण तास बसल्या. आज जेवल्याही बसूनच."

मी दारात थांबले. का थांबले ते लगेच कळलं नाही. पाय उंबऱ्यावरून पुढे जाईना, एवढंच. आई बसल्या. पाऊण तास बसल्या. वरचं लाकूड घसरून माझ्या पायावर पडलं, तरी मी तशीच उभी.

ही आईला "बसली" म्हणतच नाही.

अकरा वर्षांत एकदाही नाही. आई आल्या, आई झोपल्या, आई रागावल्या. एकदा हिला ताप चढला होता, बडबडत होती, त्या ग्लानीतही म्हणत होती, "आईंना गोळी दिली का?" सासूला एकेरीत "बसली" म्हणणं हिच्या तोंडून कापलं तरी निघणार नाही. "आई बसली" असं या घरात दोनच माणसं म्हणतात. तिची पोटची. एक मी. आणि मी तर काही बोलले नव्हते.

मग मला तो आवाज पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी नीट. तो मागून, दारातून आलाच नव्हता. कापसातून, मशीनच्या किंचाळण्यातून दाराकडची हाक मला पोचलीच नसती. तो समोरून आला होता, खालून, हातभर अंतरावरून. पुरुषाचा आवाज होता. म्हणून तर मी मारलं. कानांनी बरोबर ऐकलं होतं. डोळे उघडल्यावर दारात ही दिसली आणि मी ऐकलेलं बदलून टाकलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता.

लाकडं तिथेच टाकून मी स्वयंपाकघरात गेले. ती फोन ठेवून कांदा चिरायला लागली होती.

"त्या दिवशी दारात येऊन तू काय म्हणालीस?" तीन आठवड्यांत तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

तिचा हात थांबला. "आता कशाला ते, वन्सं."

"शब्दाला शब्द सांग."

ती म्हणाली, "अहो, बघा, आई बसल्या. एवढंच."

"आणि मग?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे ताटलीत काहीतरी पडलं आणि गोल फिरत थांबलं.

"ह्यांनी वर पाहिलं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आई दिसल्या. हातोडी खाली घेतली आणि त्यांच्या तोंडून निघालं. शाळेतून आलेला मुलगा म्हणतो ना, तसे म्हणाले. हात काढायचं भानच नव्हतं."

मी ओट्याला टेकले. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत का हसत होता ते मला आत्ता कळत होतं.

"मग तू हो का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा ते ऐकत होते." तिनं सुरी बाजूला ठेवली. "आधीच हात तसा झाला होता. त्यात आपल्याच तोंडानं आपली बोटं गेली हे त्यांना कळलं असतं तर? आता आठवत नाही ते बरं आहे. आणि हाक मी मारलीच होती ना. अगदीच खोटं नाही बोलले मी."

"मी बाकावर तुला काय काय बोलले..."

"ऐकलं मी."

"या हातावर तू जेवतेस म्हणाले मी."

"ते खरंच आहे, वन्सं."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसती शरम होती, अंगभर, गरम. मी म्हटलं, "मी आत्ता जाते आणि त्याला सांगते. तुझ्यावर हा आळ आता एक दिवसही नको."

तिनं माझं मनगट धरलं. ही बाई, जिचा आवाज कपाटाच्या दाराएवढाही होत नाही, तिनं माझं मनगट असं धरलं की मला हलता येईना.

"नाही सांगायचं," ती म्हणाली. "ते मला रोज माफ करतात. सकाळी उठले की म्हणतात, जाऊ दे गं, तुझी काय चूक. तेवढं म्हणताना त्यांचा चेहरा जरा वर येतो. मग दिवसभर ते यंत्र धरून बसायचं बळ येतं. ते काढून घेतलंत तर त्यांच्याकडे काय उरेल?"

"आणि मी? मी काय करू?"

"तुम्ही आहात तशाच राहा. एकदम गोड बोलायला लागलात तर त्यांना लगेच कळेल. तुम्हाला ते चांगले ओळखतात."

मी काही म्हणायच्या आत पलीकडची खुर्ची सरकली. तिनं मनगट सोडलं आणि सुरी उचलली. भाऊ दारात आला. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला, डोळे त्या बारीक कामानं लाल झालेले. आम्ही दोघी एका खोलीत, इतक्या जवळ, हे पाहून त्याचा चेहरा उजळला. मग माझ्या तोंडाकडे पाहून तो पुन्हा पडला. आम्ही भांडतोय असंच त्याला वाटलं.

"ताई, पुरे आता," तो म्हणाला. "किती दिवस मनात धरणार आहेस? चुकून गेलं तिच्या तोंडून. हात माझा गेला, मी विसरलो. तुला का जमत नाही? एकदा बोल तिच्याशी."

कांदा चिरायचा आवाज थांबला होता. ती पाठमोरी उभी होती, मान खाली घातलेली, मी काय बोलते याची वाट बघत. आयुष्यभर जे तोंडाला येईल ते मी बोलत आले, आणि आज जे एकच खरं वाक्य माझ्याकडे होतं ते बोलायची मला मुभा नव्हती.

"मला तिचं तोंड बघायचं नाही," मी म्हटलं आणि खिडकीकडे वळले.

त्यात खोटं काही नव्हतं. बघायची हिंमतच नव्हती माझ्यात. भाऊ बायकोला म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. तिचा स्वभावच तसा आहे." आणि तो पुन्हा आपल्या खोलीत गेला. मागे भावजयीनं श्वास सोडला तो मला ऐकू आला, सुटका झाल्यासारखा. मग ती पुन्हा कांदा चिरायला लागली.